वॉकर आडनांवाचा इतिहास

वॉकर हें इंग्रजी आडनांव कानीं पडतांच ‘चालणारा’ असा अर्थ मनांत येतो. तो अगदींच खोटा नव्हे. परंतु हा चालणारा कोणी वाटसरू नव्हता. पाण्यानें भरलेल्या हौदांत उभा राहून तो लोंकरीचें कापड पायांखालीं तुडवीत असे.

मागावरून उतरलेलें लोंकरी कापड विरविरीत व तेलकट असतें. त्याची वीण दाट व्हावी व तेलकटपणा जावा यासाठीं ही तुडवणी. पाण्यांत शिळें मूत्र मिसळीत, कारण त्यांतील अमोनियानें तेल सुटतें. शिवाय तेल शोषून घेणारी एक मातीही घालीत. मराठी घरांतून ठाऊक असलेली मुलतानी माती त्याच जातीची. इंग्लंडांत सरे परगण्यांत ती सांपडे, आणि सतराव्या शतकांत ती परदेशीं नेण्यास सरकारची मनाई होती.

या एकाच धंद्यानें इंग्लंडला तीन आडनांवें दिलीं. उत्तरेकडे व मध्यभागांत वॉकर, नैर्ऋत्येस डेव्हन, सॉमरसेट या भागांत टकर, आग्नेयीस फुलर. पहिल्याचें मूळ जुन्या इंग्रजींत, तिसऱ्याचें लॅटिन ‘फुल्लो’ या शब्दांत. टकर ज्या क्रियापदापासून आलें, त्याचा मूळ अर्थ ‘छळणें’ असा आहे! एक्झेटर शहरांत १४७१ सालीं उभारलेली टकरांच्या संघाची वास्तु अद्यापि उभी आहे.

पण धंद्याचें नांव घराण्याचें केव्हां झालें? प्रथम तें त्या माणसापुरतेंच असे. चौदाव्या शतकांत मात्र बापाचें नांव मुलाकडे जाण्याची चाल सामान्य जनांत रुळत गेली. १३७७, १३७९ व १३८१ या सालांच्या डोईपट्टीच्या याद्यांत हें स्थित्यंतर दिसतें. नांव एक आणि धंदा निराळा, असे लोक तेथें भेटूं लागतात.

तोंवर मूळ काम मात्र पालटूं लागलें होतें. ११८५ च्या एका दप्तरांत यॉर्कशरमधील टेंपल न्यूसम येथें कापड कुटणाऱ्या पाणगिरणीची नोंद आहे. पायांची जागा लांकडी हातोड्यांनीं घेतली. गिरण्या बहुधा जमीनदारांच्या वा मठांच्या. कुळांनीं तेथेंच कापड आणावें व पैसे भरावे असा त्यांचा आग्रह. सेंट ऑल्बन्सच्या रहिवाशांनीं १२७४ सालीं घरींच कापड तुडविण्याच्या हक्कासाठीं मठाधिपतीशीं झगडा मांडला, वर्गणी जमवून खटला लढविला, आणि ते हरले.

म्हणजे वॉकर हें नांव वंशपरंपरेचें होऊं लागलें, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं पायांनीं तुडविणें मागें पडलें होतें. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांत मात्र स्त्रिया फळीभोंवतीं बसून, गाणीं म्हणत, कापड हातांनीं कुटीत. ही रीत विसाव्या शतकापर्यंत चालली. पुरुषांचा धंदा आडनांवांत उरला. या स्त्रियांचे श्रम गीतांत उरले.