खारट वाड्यातील कलादालन

(कलाशिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पॅरिस शहरातील मारे या जुन्या वस्तीत एक भव्य दगडी वाडा आहे. फ्रेंच लोक त्याला ‘ओतेल साले’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘खारट वाडा’. इ. स. १६५६ ते १६५९ या काळात पिएर ओबेर द फाँतने याने तो बांधविला. राजाच्या वतीने मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. गोरगरिबांच्या घासातील मिठावर पोसलेली ही श्रीमंती पाहून लोकांनी वाड्याला हे बोचरे नाव दिले. १९३० साली ज्या भूमीत शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, तेथील श्रोत्यांना त्या नावातील बोच समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मक्तेदाराचे वैभव अल्पायुषी ठरले. १६६१ मध्ये अर्थमंत्री फूके यास अटक झाली आणि त्याच्याबरोबर ओबेरचेही दिवस फिरले. पुढे या वास्तूत कधी व्हेनिसच्या वकिलाचा मुक्काम होता, कधी मुलांची शाळा भरली, तर कधी अभियांत्रिकीचे महाविद्यालय. १९६४ साली पॅरिस नगरपालिकेने वाडा विकत घेतला. आज तेथे श्रेष्ठ चित्रकार पाब्लो पिकासो यांचे संग्रहालय आहे.

हे संग्रहालय कसे साकार झाले, ही कथा मोठी उद्बोधक आहे. वारसाकराची रक्कम रोखीने न भरता मोलाच्या कलाकृती शासनास देण्याची मुभा फ्रान्सने १९६८ च्या कायद्याने दिली. १९७३ साली पिकासो यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी स्वतःजवळ ठेवलेल्या कलाकृतींची संख्या हजारोंच्या घरात होती. त्यांतून प्रथम शासनाने निवड केली आणि मग उरलेल्या कलाकृती वारसांनी वाटून घेतल्या. दोनशेहून अधिक चित्रे व दीडशेहून अधिक शिल्पे अशा रीतीने राष्ट्राची झाली. १९८५ मध्ये संग्रहालयाचे दरवाजे सर्वांसाठी उघडले. एका कराने जनतेकडून घेतले आणि वाडा उभा राहिला; तीन शतकांनंतर दुसऱ्या कराने तोच वाडा भरून जनतेच्या स्वाधीन केला!

दर्शनी चौक ओलांडून आत जाताच कोरीव शिल्पांनी नटलेला दगडी जिना आपले स्वागत करतो. वास्तुशिल्पज्ञ रोलाँ सिमूने यांनी जुन्या वास्तूचा डौल राखून आत नवी दालने रचली. तेथील दिवे व आसने दिएगो जाकोमेत्ती यांनी घडविली आहेत. त्या भारदस्त दगडी भिंतींआड प्रेक्षकास काय दिसते? सायकलची बैठक आणि हँडल जोडून १९४२ साली केलेले बैलाचे मस्तक! तसेच वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटवून, भोवती सुंभाची चौकट केलेले १९१२ चे चित्र! धनिकाच्या प्रासादात रोजच्या वापरातील सामान्य वस्तू मानाने विराजमान झाल्या आहेत.

आपल्याकडे १९५३ साली आलेला संपदा शुल्काचा कायदा होता. तो १९८५ मध्येच रद्द झाला. त्यामुळे खाजगी संग्रह लोकांपर्यंत पोचण्याची भिस्त मुख्यतः दात्यांच्या औदार्यावर आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ आयुष्यभर जमविलेल्या दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा सहस्रावधी वस्तू महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविल्या. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे त्या दानाचे चिरंतन रूप होय.

परंतु दाता देतो आणि शासन सांभाळते, एवढ्याने हे कार्य पुरे होत नाही. पाहणाराच आला नाही, तर संग्रहालय म्हणजे कुलूपबंद कोठार. आपल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी अशा वास्तूत न्यावे. तेथे त्यांना धावत्या पावली फिरवू नये; एखाद्याच वस्तूपुढे घटकाभर बसू द्यावे, कागदावर रेघा ओढू द्याव्यात. हे सारे आपल्या मालकीचे आहे, ही जाणीव त्या घटकाभरात त्यांच्या मनात रुजेल. आणि ज्याला वस्तू आपली वाटते, तोच ती उद्या जपतो.