खाली उतरणाऱ्याची नाळ
(विहिरींचा गाळ काढण्याचे दिवस येण्यापूर्वी गावच्या वाचनालयात केलेले भाषण)



आज आम्ही पुराण सांगायला उभे नाही. आजचा विषय आहे एक दोर. दोर म्हटला की शेतकऱ्यास मोट आठवते, दोर वळणाऱ्या मातंग बंधूस वाख आठवतो. पण ज्या दोरातून माणसाला श्वास पोचतो आणि त्याचा शब्द वर येतो, असाही दोर जगात आहे. तो आपल्या खड्ड्यापर्यंत का आला नाही, एवढेच आम्हास विचारायचे आहे.

उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला एक गडी उतरतो. वरचे हाक मारतात. ओ येत नाही. भाऊ धावत उतरतो, तोही तेथेच कोसळतो. मग गाव म्हणतो, साती आसरा कोपल्या! काय हो, आसरांचा राग नेहमी गरिबावरच का? सावकाराचा मुलगा वाचतो तो पुण्याने नव्हे. तो विहिरीत उतरतच नाही, म्हणून वाचतो.

खरी गोष्ट अशी. आपल्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ भाग असतो. खड्ड्यात कुजणाऱ्या गाळामुळे तो कमी होतो आणि जड कर्बवायू तळाशी साचतो. गटारात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. तो फार वाढला म्हणजे नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पडतो. विहिरीत इंजिन उतरवून चालविले तर धुरातला बिनवासाचा वायू घात करतो. अमेरिकेतील १९८६ सालच्या एका सरकारी पत्रकात म्हटले आहे की, अशा बंद जागी मेलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक दुसऱ्यास वाचवायला उतरलेले होते.

आता समुद्राकडे पाहा. १८३७ च्या सुमारास ऑगस्टस झीबे याने पाणबुड्यासाठी अंगरख्याला घट्ट जोडलेले तांब्याचे शिरस्त्राण केले. वरून माणसे हातपंपाने नळीतून हवा देत आणि पाणबुड्या दोर ओढून खुणा करी. त्याच कल्पनेची पुढे नाळ झाली. इंग्रजीतही तिला नाळच म्हणतात, आईच्या पोटातल्या लेकराची असते तशी. तिच्यात हवेची नळी, बोलण्याची तार, ओझे पेलणारा दोर आणि खोली मोजणारी बारीक नळी एकत्र असतात. थंड पाण्यात गरम पाण्याची नळीही असते.

हिची घडण कारागिराने ध्यानात घ्यावी. दोर नळीपेक्षा व तारेपेक्षा किंचित आखूड ठेवतात. म्हणजे ताण पडला तर तो दोरावर पडतो, श्वासावर पडत नाही. शिरस्त्राणाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते; वर नळी फुटली तरी आतली हवा उलटी पळत नाही. हवा घेण्याचे तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर ठेवतात. आणि वर एक माणूस नाळ हातात धरून बसतो. त्याला दुसरे काम नसते. बोलणे बंद पडले तर दोराच्या खुणा असतातच.

पण सारे एकात बांधले, की सारे एकदमच तुटते. २०१२ साली उत्तर समुद्रात सुमारे ९० मीटर खोलीवर ख्रिस लेमन्स या पाणबुड्याची नाळ तुटली. हवा, ऊब, उजेड, बोलणे, सगळे एका क्षणात गेले. पाठीवरच्या राखीव बाटलीत काही मिनिटांपुरताच श्वास होता. तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळाने सोबत्याने त्याला जिवंत उचलून आणले. म्हणून धडा असा की, नाळेखेरीज राखीव श्वास अंगावर असावा आणि सुटकेची तयारी आधीपासून असावी.

मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले; तेथेही पाणबुडे अशाच नाळेवर काम करतात. मग त्याच मुंबईच्या गटारात उतरणाऱ्याला नाळ का नाही? तेल महाग आणि माणूस स्वस्त, हेच ना उत्तर? २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे गुन्हा ठरविले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या घरच्यांना ३० लाख रुपये द्यावेत असे सांगितले. मेल्यावर ३० लाख द्यायचे आणि जिवंतपणी एक नळी द्यायची नाही, हा कोणता हिशेब? आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, ते आम्ही सांगायला नको.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारची सुटी मागितली. ती १८९० साली मिळाली. मागितल्यावाचून काही मिळत नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत आपण ठराव करू या: वायू मापणारे यंत्र, हवा सोडणारा पंखा, छातीमांड्यांचा पट्टा आणि माणूस वर ओढणारी रहाटाची तिकटी पंचायतीने घ्यावी, यांवाचून कोणी उतरणार नाही आणि कोणी कोणाला उतरविणार नाही. गटारात माणूस मुळीच नको; तेथे यंत्र उतरावे.

आणि खाली कोणी पडला तर मायेपोटी उडी टाकू नका. हवा सोडा, दोर ओढा, मदत बोलवा. तुमचा जीव गेल्याने त्याचा वाचत नाही.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.