साखरेच्या गोळ्या आणि आपले उपास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई; डॉक्टरकी सांगायला उभी नाही. पण घरातल्या मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा बहुधा आपणच सांभाळतो, म्हणून हे चार शब्द.

सगळ्या गोळ्या सारख्याच, असे आपण समजतो. तसे नाही. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी पडून पायांना मुंग्या येऊ शकतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांचे काम निराळे. त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. इथेच आपल्या उपासांशी गाठ पडते. संकष्टीला महडच्या वरदविनायकाला निघालेली बाई सकाळी गोळी घेते आणि चंद्रोदयापर्यंत उपाशी राहते. अशाच एका चतुर्थीला माझ्या सासूबाईंना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखर निघाली ४८! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्या सावरल्या. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये. तडक दवाखाना गाठावा. भातलावणीत जेवणाची वेळ टळते, तेव्हाही हाच धोका असतो.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर काढून टाकतात. त्यांनी नाजूक जागी खाज, जळजळ होऊ शकते. आपण लाजेने बोलत नाही. बोला, त्यावर उपचार आहे. याही गोळीवर कडक उपास धोक्याचा.

इन्शुलिनच्या सुईला भिऊ नये. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला ते प्रथम टोचले. तो पुढे तेरा वर्षे जगला. मात्र सुई घेऊन जेवण टाळले तर साखर उतरते.

तेव्हा उपासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा : त्या दिवशी कोणती गोळी घेऊ, किती आणि केव्हा? गोळ्यांची नावे वहीत लिहून ठेवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नका.