गिरणीतली नायकीण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गिरणीचा विषय निघाला की मुकादम आठवतो, जॉबर आठवतो. नायकिणीचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर लोक हसतात, कारण नायकीण म्हणजे नाचगाणं करणारी, असाही अर्थ मराठीत आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत मात्र नायकीण म्हणजे बायांची जॉबर.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी रिळिंग आणि वायंडिंग खात्यात. बॉबिनवरचं सूत काढून लड्या करायच्या, आणि जितकं काम तितकाच पैसा. अशा खात्यात कुणाला घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, बाळंतपणाहून आलेलीला परत उभं करायचं की नाही, हे नायकिणीच्या मर्जीवर. मग तिचा हात ओला करावा लागे.

व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. आपले ना. म. जोशी त्यात सभासद होते. जॉबरच्या लाचखोरीबरोबर नायकिणीचीही त्यात नोंद आहे. आयोगाने सुचवलं की भरती जॉबरच्या हातून काढा, आणि जिथे बाया पुष्कळ तिथे देखरेखीला एक शिकलेली बाई नेमा. सूचना चांगलीच. पण त्या काळी आपल्या चाळींत शाळा पाहिलेली बाई किती जणांनी पाहिली होती?

लाच घेणं वाईटच, त्याला आम्ही पांघरूण घालत नाही. पण नायकीण काही आभाळातून पडली नव्हती. साहेबाला बायांशी बोलता येत नव्हतं, म्हणून मालकाने तिच्या हाती किल्ली दिली, आणि हिशेब कधी मागितला नाही. जॉबर काय, नायकीण काय, आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसं आधी भरणार. ज्यांचं कुणीच आत नाही त्यांनी काय करायचं? मागखात्यात तर आपल्या माणसाला पाऊलच टाकू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणे विटाळ होतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे उभा केला.

त्याच वर्षी कायदे कौन्सिलात त्यांनी बाळंतपणाच्या बिलाला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. बाळंतिणीला रजेचे पैसे मिळू लागले, ते कायद्याने, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. पुढे मालकांनी काय केलं? रात्रपाळीला बाया चालत नाहीत, बाळंतपणाचा खर्च पडतो, नवी यंत्रं आली, असं करत बायाच कमी केल्या. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा खात्यात बाया बोटावर मोजण्याइतक्या, आणि नायकीण उरलीच नव्हती.

आणखी एक. १८९० साली महालक्ष्मीला नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी सभा घेतली. दहा हजार कामगार होते. त्यात दोन गिरणी कामगार बाया उभ्या राहून बोलल्या. तेव्हा बाईला बोलता येत नव्हतं, असं कुणी सांगू नये.

ज्यांची आजी-पणजी रिळिंगला होती त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावं. गिरणी कोणती, खातं कोणतं, नायकीण कशी वागे, जे घरात ऐकलं असेल ते सांगावं. विहाराच्या वहीत लिहून घेऊ. त्या वहीत आजवर सगळी पुरुषांचीच नावं आहेत.

जय भीम.