पडद्याचा दावा आणि दप्तराचा पुरावा

ऐतिहासिक चित्रपटाने कल्पनेला हातच लावू नये, ही मागणी या संमेलनाने प्रथम फेटाळावी, कारण सतराव्या शतकातील माणसे एकांतात काय बोलली हे कोणत्याही कागदात नोंदलेले नाही आणि संवाद रचल्याशिवाय चित्रपट उभा राहत नाही. आक्षेप आहे तो रचलेले ते घडलेले म्हणून विकले जाते यावर, आणि राज्यासाठी झालेल्या लढायांना दोन धर्मांच्या लढाईचे रूप देण्याकडे या रचनेचा कल दिवसेंदिवस वाढत चालला आहे यावर.

सिंहगडाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. बाबूराव पेंटर यांनी 1923 मध्ये कोल्हापुरात काढलेला ‘सिंहगड’ हा मूकपट हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर उभा होता, आणि कादंबरीमागे पोवाड्यांची परंपरा होती. गड जिंकताना झालेल्या तानाजीच्या मृत्यूमुळे कोंढाण्याला सिंहगड हे नाव मिळाले, ही समजूत या वाटेने घराघरांत पोचली. प्रत्यक्षात लढाई फेब्रुवारी 1670 मधली असून शिवाजी महाराजांच्या 1663 च्या पत्रात गडाचे नाव सिंहगड असेच आहे. दोर बांधून कड्यावर चढवल्याचे सांगतात ती यशवंती घोरपडही पोवाड्यातूनच आली. बखर म्हणजे घटनांनंतर काही काळाने लिहिलेला गद्य वृत्तान्त. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढून जातात, पण घोरपड नाही. हे अलंकार निरुपद्रवी होते. 2020 च्या ‘तान्हाजी’ चित्रपटात मात्र कोंढाण्यावरून राजगडाचा वेध घेणारी तोफ अवतरली; हे दोन गड सरळ रेषेतही सुमारे 15 किलोमीटर दूर आहेत आणि त्या काळच्या कोणत्याही तोफेचा गोळा तेवढा जात नव्हता. गडाचा किल्लेदार उदयभान हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत, आणि गड मोगलांकडे गेला तो 1665 च्या पुरंदरच्या तहाने. तो तह घडवून 23 किल्ले घेणारा सेनापती मिर्झाराजे जयसिंग हाही राजपूतच होता. प्रतापगडाच्या प्रसंगातही हेच दिसते: तिथे अफजलखानाचा वकील, म्हणजे बोलणी करणारा दूत, कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता आणि महाराजांनी निवडलेल्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. ही नावे दोन धर्मांच्या लढाईच्या कथेत अडचणीची ठरतात, म्हणून ती एक तर गाळली जातात किंवा त्यांतली माणसे नुसती राक्षस करून सोडली जातात.

धर्माचा त्या संघर्षाशी संबंधच नव्हता, असे सांगणारेही तितकेच खोटे सांगतात. औरंगजेबाने 1679 मध्ये जिझिया, म्हणजे मुसलमानेतर प्रजेवरचा कर, पुन्हा बसवला, आणि त्याविरुद्ध महाराजांच्या नावे असलेल्या प्रसिद्ध पत्रात ईश्वर सर्वांचा एकच असल्याचा दाखला देऊन बादशहाला त्याच्याच पूर्वजांच्या धोरणाची आठवण करून दिली आहे. स्वतःच्या श्रद्धेवर ठाम राहून शत्रूशी त्याच्याच धर्माच्या आधारे वाद घालणारा हा राजा आजच्या पडद्यावर क्वचितच दिसतो, आणि हे नुकसान मोगलांचे नसून महाराजांचे आहे.

संभाजी महाराजांच्या बाबतीत तर मराठी लेखणीच अपराधी आहे. मराठी नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी त्यांना दीर्घकाळ व्यसनी आणि स्वैर रंगवले. हा कलंक पुसला तो वा. सी. बेंद्रे यांनी, अनेक दशके दप्तरे म्हणजे जुन्या कागदांचे संग्रह धुंडाळून 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा वाचकांना कागदांमुळे परत मिळाला, आणि 2025 मध्ये त्यांच्यावरचा ‘छावा’ हा चित्रपट पाहून हुंदके देणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांना बेंद्रे हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न या सभेने स्वतःला विचारावा. मोगलांचा खजिना दाखवणाऱ्या त्याच चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात खजिन्याच्या आशेने लोकांनी रात्री शेते खणल्याच्या बातम्या आल्या. प्रेक्षक पडद्याला पुरावा मानतो, हे याहून उघडपणे सिद्ध करण्याची गरज नाही. म्हणूनच आरंभी क्षणभर झळकणाऱ्या बारीक अक्षरांतील, प्रसंग काल्पनिक असल्याच्या सूचनेने निर्मात्याची जबाबदारी संपते, हा युक्तिवाद अप्रामाणिक आहे.

बंदी आणि झुंडशाही हा यावरचा उपाय नव्हे. 1930 मध्ये ब्रिटिश सेन्सॉरने प्रभात फिल्म कंपनीच्या शिवचरित्रपटाचे ‘स्वराज्य तोरण’ हे नाव बदलायला लावले आणि तो ‘उदयकाल’ झाला. सत्ताधाऱ्यांच्या हाती कात्री दिली की ती इतिहासासाठी चालत नाही. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, हस्तलिखितांची आणि ग्रंथांची नासधूस झाली, तीही शिवाजी महाराजांच्याच नावाने. जो समाज दप्तर फोडतो आणि तिकीट काढून इतिहास शिकतो, त्याला चित्रपटकारांवर रागावण्याचा अधिकार अर्धाच उरतो.

तेव्हा या संमेलनाने शासनाकडे आणि निर्मात्यांकडे रोखठोक मागणी करावी. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या अखेरीस कोणते प्रसंग साधनांवर आधारलेले आहेत आणि कोणते रचलेले आहेत, हे वाचता येईल अशा मराठीत सांगितले जावे. ही यादी न देणाऱ्या चित्रपटाला करमाफी मिळू नये. आणि अशा चित्रपटांच्या उत्पन्नातून मोडी लिपीतील अप्रकाशित कागदांच्या वाचनासाठी निधी उभा राहावा. हा ठराव आजच्याच अधिवेशनात मांडला जावा आणि त्याला विरोध असणाऱ्यांनी तो उघडपणे, याच व्यासपीठावरून करावा.