माहितीपुस्तिकेचे रूळ

(पाचोरा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुळांच्या मापाचे महत्त्व पाचोऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. मुंबई-भुसावळचा रुंद लोहमार्ग आणि जामनेरचा 762 मिलिमीटरचा अरुंद मार्ग येथे एकत्र येत. पण एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चढू शकत नसे. माल असो वा माणूस, येथे उतरून गाडी बदलणे भाग होते. संगणकावरील लिखाणाचेही तसेच आहे. फाइल ज्या साच्यात साठवली जाते, ते तिच्या रुळांचे माप होय.

मुक्तस्रोत प्रणालींच्या माहितीपुस्तिका मराठीत लिहू पाहणारे तरुण प्रथम विचारतात, साधन कोणते वापरावे? हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवू नये, असे माझे म्हणणे आहे. कारण पुस्तिकेत दुरुस्ती कोण करू शकेल आणि कोण नुसताच वाचक राहील, याचा निर्णय तेथेच होतो.

ग्नू चळवळीने हे ओळखले होते. 2000 साली तिने माहितीपुस्तिकांसाठी स्वतंत्र परवाना प्रसिद्ध केला आणि त्यात ‘पारदर्शक’ प्रतीची व्याख्या केली: जिचा साचा जाहीर आहे आणि जी साध्या संपादकात उघडून सुधारता येते, ती. अपारदर्शक प्रती 100 हून अधिक वाटायच्या असतील, तर पारदर्शक प्रतही उपलब्ध करून देण्याचे बंधन त्यात आहे. मात्र पारदर्शकतेच्या उदाहरणांत तेथे पहिला मान आस्कीला, म्हणजे निव्वळ रोमन अक्षरांच्या संकेताला मिळाला. आपली अडचण तेथूनच सुरू होते.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालीच आली. तरीही पुढे कित्येक वर्षे आपले छापखाने आणि कचेऱ्या निरनिराळ्या फाँटांना बांधलेल्या राहिल्या. त्या फाइलींत मराठी अक्षर नसतेच. रोमन अक्षराच्या जागी बसवलेला मराठी आकार असतो. फाँट गेला की अहवाल, स्मरणिका, पत्रके यांचा अर्थहीन रोमन कचरा उरतो. त्या लिखाणावर कोणी बंदी घातली नव्हती, तरी ते गेले. म्हणून युनिकोडखेरीज दुसरे काही स्वीकारू नये. येथे तडजोड नाही.

साधनाच्या बाबतीत मात्र हट्ट नसावा. लिनक्सच्या गाभ्याची पुस्तिका पूर्वी डॉकबुकमध्ये होती. तळटीपा, सूची, परस्परसंदर्भ या सर्वांची सोय असलेला तो समर्थ साचा आहे. पण खुणांची दाटी एवढी की लिहिणारा बिचकतो. 2016 पासून ती पुस्तिका रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि स्फिंक्स यांच्याकडे वळवण्यात आली. 2004 साली आलेले मार्कडाउन याहून सोपे: शीर्षकापूर्वी एक हॅश दिला की काम झाले. पण त्याच्या बोली अनेक, आणि तक्ते वा परस्परसंदर्भ आले की प्रत्येक बोली वेगळे बोलते. चार पानांच्या मार्गदर्शिकेला मार्कडाउन पुरे; अनेक प्रकरणांचा ग्रंथ होणार असेल, तर आरंभीच स्फिंक्स घ्यावे, असे माझे मत आहे.

या दोहोंचा मोठा गुण असा की फाइल साध्या मजकुराचीच राहते. गिटमध्ये ठेवली की कोणी कोणती ओळ केव्हा बदलली ते दिसते, आणि मतभेदावर उघड चर्चा होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावे. अनुवादाला गेटटेक्स्टची जोड द्यावी. त्यात मूळ वाक्य आणि मराठी वाक्य एकाखाली एक राहतात, आणि मूळ बदलले की मराठीवर शंकेची खूण पडते. शिळा अनुवाद ताज्याच्या वेषात फिरत नाही.

ज्याला विषय उत्तम कळतो पण खुणा येत नाहीत, अशा जाणत्याला परत पाठवू नये. त्याने हाताने लिहून दिले तरी घ्यावे. वर्डमध्ये दिले तर पॅनडॉक साचा बदलून देते. ही हमाली आहेच, पण ती तरुणांनी करावी.

राहता राहिली छपाई. गावोगाव कागदच वाचला जातो, तेव्हा पीडीएफ जरूर करावी. पण तिच्यातून देवनागरी मजकूर उचलू गेल्यास जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात. ती मूळ प्रत नव्हे. म्हणून मूळ फाइल कोठे मिळेल ते पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापावे.