चांदीचा खिळा
(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



भंडाऱ्याचा माणूस जहाजांवर बोलायला बसला म्हणजे तुम्ही हसणार. आमच्याकडे पाणी उदंड. वैनगंगा आहे, गावोगावी तलाव आहेत. पण त्या पाण्यावर तरंगतो तो ढिवरांचा डोंगा. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बी. ए. झाल्यावर, नोकरीच्या मुलाखतीला मुंबईस गेलो तेव्हा. मुलाखतीचं काही जमलं नाही. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून फोर्टात भटकत लायन गेटपर्यंत गेलो. आत नौदलाची गोदी. पहारेकऱ्याने बाहेरूनच वाट दाखवली. त्या भिंतीपलीकडे एका घराण्याने दीडशे वर्षं काय केलं होतं, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं.

हे घराणं वाडियांचं. मूळ सुरतेचं, पारशी. लवजी नसरवानजी हा तिथे जहाजबांधणीत मुकादम होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याने त्याचं काम पाहिलं आणि १७३६ साली त्याला काही सुतारांसह मुंबईला आणलं. मुंबईत तेव्हा धड गोदीही नव्हती. १७५० मध्ये तिथे सुकी गोदी झाली. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि तळ उघडा करून दुरुस्ती करायची. आशियातली ती या प्रकारची पहिली मानली जाते आणि ती आजही नौदलाच्या गोदीत आहे. मग लवजीचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे, असं बापाकडून मुलाकडे हे मुख्य बांधणीकाराचं पद चालत राहिलं, ते थेट १८८५ पर्यंत. कंपनीने चांदीची मोजपट्टी आणि शाली देऊन घराण्याचा गौरव केला. सुताराला चांदीची मोजपट्टी! माझ्या अब्बांनी हे ऐकलं असतं तर त्यांना फार मौज वाटली असती.

अब्बा सुतार होते. दारं, चौकटी, बैलगाडीची चाकं, जे पडेल ते करायचे. लाकूडडेपोत लिलाव असला की मला सोबत न्यायचे. ओंडक्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, ‘बेटा, सागवान तेल पिऊन बसलेलं असतं. त्याला ना वाळवी लागते, ना पाणी.’ हेच ज्ञान पुढे इंग्रजांच्या आरमाराला झालं. इंग्लंडात ओकचं लाकूड कमी पडू लागलं होतं. ओक लोखंडी खिळ्याला खातो, सागातलं तेल खिळा जपतं. तोफेचा गोळा लागला की ओकच्या ढलप्या उडून खलाशी जखमी होतात, साग तेवढा फुटत नाही. मलबारचा साग मुंबईला येई आणि त्याची जहाजं होत. लवजीचा नातू जमशेटजी बोमनजी याने १८१० मध्ये ‘मिंडेन’ बांधलं, चौऱ्याहत्तर तोफांचं. ब्रिटिश आरमाराची एवढी मोठी युद्धनौका इंग्लंडबाहेर हिंदी माणसाच्या देखरेखीखाली बांधली गेली. मग ‘कॉर्नवॉलिस’, ‘वेलस्ली’, ‘त्रिंकोमाली’. लंडनच्या जहाजबांधणी मालकांनी तर या मुंबईच्या जहाजांविरुद्ध ओरड सुरू केली होती. पोटावर पाय आला की कारागिरीची खरी किंमत कळते.

‘कॉर्नवॉलिस’ नावाचं याआधीही एक जहाज होतं, १८०० सालचं, जमशेटजीनेच बांधलेलं. ते आधी कंपनीचं होतं, पुढे आरमाराने घेतलं आणि १८११ मध्ये त्याचं नाव बदलून ‘अकबर’ ठेवलं. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. पुष्कळ वर्षांनी त्याची दुरुस्ती निघाली, तेव्हा सहसा कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या तळाच्या एका लाकडावर कोरलेली अक्षरं सापडली. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं, असा त्यांचा मतलब. ‘काळा’ शब्दाच्या आधी शिवीही होती. साहेब त्याला जी शिवी देत असतील, तीच त्याने जशीच्या तशी लाकडात उतरवली.

या गोष्टीपाशी मी थांबतो, कारण मला अब्बा आठवतात. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातलं एक जुनं घर रस्तारुंदीत पडलं. दाराची चौकट उलटी करून ठेवली होती. उंबऱ्याच्या खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला पटाशीने उर्दूत अब्बांचं नाव आणि साल कोरलेलं होतं. घरमालकालाही कधी ठाऊक नव्हतं. अब्बांनी घरात हे कधी सांगितलं नाही. मला आजही एखाद्या कविसंमेलनात कुणी प्रेमाने विचारतं, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ मी हसतो. उत्तर देत नाही. पण त्या उंबऱ्याची खालची बाजू डोळ्यांपुढे येते.

आता मला टोचणारी गोष्टही सांगायला हवी. या जहाजांनी पुढे काय केलं? ‘वेलस्ली’ अफूच्या युद्धात चीनवर गेलं. पराभूत चीनने नानकिंगचा तह केला तो २९ ऑगस्ट १८४२ रोजी, दुसऱ्या ‘कॉर्नवॉलिस’च्या डेकवर. म्हणजे आपल्याच कारागिरांनी बांधलेल्या जहाजावर हाँगकाँग गेलं, आणि ते अफू खपवणाऱ्यांच्या बाजूने. मग अभिमान बाळगायचा की मान खाली घालायची? मला उत्तर सापडत नाही. आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. तिथे २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला, कामगार दगावले. त्या दिवशी बंद दुकानांसमोर उभी असलेली माणसं दारूगोळा कुठे जातो यावर बोलत नव्हती, कोण कोण पाळीवर होतं तेवढंच विचारत होती. गोदीतल्या सुतारांच्या घरीही असंच असेल. वाडियांची नावं तरी इतिहासात आली. ज्यांनी करवत चालवली, त्यांची नावं कुठल्या उंबऱ्याखाली आहेत कोण जाणे.

घराण्याचं पुढे काय झालं, हे थोडक्यात सांगतो. वाफेची आणि लोखंडाची जहाजं आली. लाकडाचा काळ सरला. दोघे तरुण वाडिया १८३८ मध्ये वाफेचं तंत्र शिकायला इंग्लंडला गेले. अर्देशर खरशेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, हा मान मिळालेले पहिले हिंदी. पुढे घराण्यातल्याच नवरोजींनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग काढलं. ‘वेलस्ली’ टेम्स नदीत १९४० साली जर्मन बॉम्बने बुडालं, तेव्हा ते सव्वाशे वर्षांचं होतं.

‘त्रिंकोमाली’ मात्र आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेलं. त्याचे पहिले नकाशे वाटेतच समुद्रात गेले होते. ते घेऊन येणारं ‘जावा’ जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी संपवलं, म्हणून दुसरे मागवावे लागले. १८१६ मध्ये बांधणीला सुरुवात करताना पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला संग्रहालय म्हणून तरंगत आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ती सर्वांत जुनी.

माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. मी त्याला मुद्दाम पाठवलं. त्याने डेकचे, तोफांचे, शिडाच्या दोरांचे फोटो पाठवले आणि सागाच्या फळीवर ठेवलेल्या आपल्या हाताचाही. मी फोनवर विचारलं, ‘खिळा दिसला का?’

तो म्हणाला, ‘मामू, तो खाली आहे. जहाज पाण्यात उभं आहे.’